शिवणीतली माया

रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी माझा भात आणि चपाती बंद केली. आठ महिने मी मासे, अंडी आणि भाजीवर काढले. वजन बरंच उतरलं आणि पँटी कमरेवर ठरेनात. त्या घेऊन मी होळी बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. सगळे त्यांना मास्टर म्हणत. नाव मला कधी कळलं नाही. ओठांत टाचणी धरूनच ते बोलायचे.

"आतलं जादा कापड कापून टाका, मास्टर. भात कायमचा सोडलाय," मी म्हणालो.

"माया राहू द्या आत, पुन्हा लागंल," ते म्हणाले.

मला त्यांचा रागच आला. पण लग्नसराईत मी पुन्हा भात खाऊ लागलो आणि दिवाळीपर्यंत पँटी आवळू लागल्या. खाली मान घालून दुकानात गेलो. त्यांनी काही न विचारता शिवण उसवून आतल्या मायेने पँटी सैल करून दिल्या.

मी पुन्हा भात सोडला. वजन उतरलं, आणि या वेळी तसंच राहिलं. दोन वर्षांनी नवी पँट शिवायला गेलो तेव्हा त्यांनी कमरेला दोनदा टेप लावून पाहिली.

"भाताची आठवन येते?"

"रोज येते."

त्यांनी ओठांतली टाचणी काढली.

"मी दारू सोडली त्याला अकरा वर्सं झाली," ते हळूच म्हणाले. "मलापन रोज येते."