मोडलेलं आळं

आमच्या दारातलं अ‍ॅव्होकाडोचं झाड मरायला टेकलं ते माझ्यामुळे, हे आधीच कबूल करते. सिडनीतलं स्कोफिल्ड्सचं घर विकून आम्ही ब्रिस्बेनजवळच्या या छोट्या बेटावर आलो, तेव्हा ते चांगलं छपरापर्यंत वाढलेलं होतं. घरापेक्षा मला तेच आवडलं होतं, म्हणून मी त्याचे लाड केले. बाबांनी लिंबाला, पेरूला करायला शिकवलं होतं तसं बुंध्याभोवती गोल खणून, मातीचा कठडा घालून छान आळं केलं. रोज संध्याकाळी पाइप सोडून ते काठोकाठ भरायचे. पानं मलूल दिसली की आणखी पाणी.

शेजारी एक म्हातारा गोरा राहतो. जन्मभर त्याने अ‍ॅव्होकाडोच पिकवले. एकदा तो कुंपणाशी आला, माझं आळं पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

“सॉरी मेट, पण तू याला बुडवलंस. साचलेल्या पाण्यात याची मुळं कुजतात. आता काढून टाक.”

नवऱ्याला तेवढंच हवं होतं. त्याला त्या जागी गाडीसाठी छप्पर, म्हणजे कारपोर्ट बांधायचा होता. “शनिवारच्या फेरीबोटीने झाडं तोडणारा येतोय, बुक केलाय मी,” तो म्हणाला. “इट्स अ ट्री, यार.”

मला संताप आला. खरं तर स्वतःचाच, पण काढला त्या दोघांवर. “माझ्या हातून बुडालंय, माझ्याच हातून वर येईल. कुणी हात लावायचा नाही.”

मग बाबांना फोन केला. त्यांना वाईट वाटेल म्हणून इतके दिवस लपवलं होतं. ते म्हणाले, “अगं, आपल्याकडे पाणी टिकत नाही म्हणून आळं करायचं. तुझ्याकडे तुंबतंय ना? मग मोड की. माझी कसली भीड धरतेस?” मला रडू आलं.

त्याच दुपारी आळं मोडलं. पाणी वाहून जायला उताराकडे चर खणला. शेजारी कुंपणापलीकडून कुरकुरत, पण नेमकं सांगत होता: बुंध्याभोवती पालापाचोळा टाक, फांद्या निम्म्या छाट, उघड्या पडलेल्या खोडाला ऊन भाजू नये म्हणून पांढरा रंग दे. रंगवलेलं झाड पाहून नवरा म्हणाला, “पुणे-सातारा रोडवरचं वाटतंय.” मग मी इथली लाल माती कालवून त्यावर गेरूसारखा एक पट्टाही ओढला. घे म्हटलं.

शनिवारी करवतवाला आला. त्याला चहा दिला आणि पुढच्या बोटीने परत पाठवला. नवरा पाय आपटत आत गेला. गेला तर गेला.

वर्षभर झाड तसंच थोटं उभं होतं. येणारेजाणारे बघून हसायचे. मग एका सकाळी तांबूस पालवी दिसली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी फळं धरली. हे फळ झाडावर पिकत नाही, उतरवून ठेवावं लागतं. मी आढी घालावी तसं तांदळाच्या डब्यात दडवून ठेवलं आणि रोज दाबून पाहिलं.

पिकल्यावर त्याची कोशिंबीर केली. दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, हिंग-मोहरीची फोडणी. फोडणी मात्र गार करून घातली, कारण गरम ओतली की हे फळ कडवट होतं. जन्मभर ते मीठ लावून टोस्टवर खाणारा शेजारी म्हणाला, “हे काय करून ठेवलंस?” आणि वाटी पुन्हा पुढे केली. नवऱ्याने तर पातेलंच पुसून खाल्लं.

कारपोर्ट झालाच नाही. गाडी आजही उन्हात तापते. दुपारी निघताना स्टिअरिंगचा चटका बसतो, नवरा माझ्याकडे रागाने बघतो, आणि मला फार बरं वाटतं.