तबकडीवरचा हात

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर झीज मोजत होते. हे सांगितलं की लोक हसत. मीही हसायचो. "भाऊजी, आज किती झिजलं?" असं मी जेवायला बसताना विचारायचं आणि त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता "साडेतीन मिलिग्रॅम" म्हणायचं, हे आमचं ठरलेलं.

काम होतंच तसं. प्रयोगशाळेत पोलादाची तबकडी फिरायची आणि तिच्यावर पितळेची बोटभर कांडी वजनाने दाबून ठेवायची. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. धातूवर धातू, कोरडा, तासभर. कांडीचं वजन आधी करायचं, नंतर करायचं, फरक वहीत लिहायचा. त्या कोरडेपणाला भाऊजी जिवापाड जपत. तबकडी ॲसिटोनने, म्हणजे तेलाचा अंशही न ठेवणाऱ्या द्रवाने, धुवायची, पुसायची, आणि शेवटी तिच्यावरून तळवा फिरवायचा. "डोळ्याला न दिसणारा कण हाताला कळतो," म्हणायचे. ही पायरी त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. ती त्यांची स्वतःची, म्हणून तिचा भारी अभिमान.

ॲसिटोनने त्यांचे हात फुटत, भेगांतून रक्त येई. ताईच्याने बघवेना. पहिल्याच थंडीत मी औषधाच्या दुकानातून मलमाची डबी आणून दिली, आणि पुढे तेवीस वर्षं ताई रोज सकाळी, ते निघायच्या आधी, त्यांच्या तळव्यांना मलम चोळत राहिली. कामाला लागताना साबणाने हात धुतले की झालं, असं त्यांना वाटे. आकडे इतके एकसारखे येत की कोणाला शंका आली नाही.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना नव्या बाई प्रमुख म्हणून आल्या. भाऊजींचे आकडे त्यांच्या नावासह छापायला जायचे होते. बाईंनी हातमोजे घालून दोन-चार चाचण्या पुन्हा केल्या. झीज तिप्पट आली. भाऊजी तावातावाने गेले, बाईंसमोर तबकडी धुतली, पुसली, तळवा फिरवला.

"काका," बाई म्हणाल्या, "हाताला काही लावता का?"

भेगांत मुरलेलं मलम साबणाने जात नव्हतं. त्याचा न दिसणारा थर रोज तबकडीवर बसत होता आणि कांडी त्याच्यावरून अलगद घसरत होती. सगळ्या वह्या बाद झाल्या. बाई एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. तेच भाऊजींना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कोपऱ्यावरच्या बाकावर बोलावून घेतलं.

"तेवीस वर्षं मी काहीच मोजलं नाही रे. ताईला कळू देऊ नकोस. जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल."

डबी मी आणली होती, हे ते विसरले नसणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईला संशय नको म्हणून मलम चालूच राहिलं. शेवटच्या दिवशी बाईंनी मानाने हातमोजे पुढे केले, एक चाचणी करा म्हणाल्या. भाऊजी नको म्हणाले. दिवसभर हात मांडीवर उताणे ठेवून खुर्चीत बसून राहिले, कशालाही शिवले नाहीत.

संध्याकाळी मी घरी होतो. ताईने त्यांचा हात ओढून तळवा चाचपला आणि खूश झाली.

"आज बघा, अजून मऊ आहे. रोज मलम असं टिकलं असतं तर हात फुटलेच नसते. एरवी कुठे जातं हो सगळं?"

"कामात," भाऊजी म्हणाले.