पेनानं भरलेलं कोडं

आमच्या अनसिंग गावातल्या घरात पेपर आला की तो आधी मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. बातम्या त्यांना नको असतात. सरकार काय करतं ते त्यांना न वाचताच माहीत असतं. ते थेट शब्दकोडं काढतात आणि पेनाने भरतात. पेन्सिल ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्याने वापरावी, असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तर वेगळं निघालं, तर ती पेपरवाल्यांची चूक असते.

मी त्या दिवसांत संगणकाच्या नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होते. नोकरी घरी बसून करायची, परीक्षा मात्र वाशीमला. नवऱ्याने "बाबाले विचार" म्हणून हात वर केले होते. परीक्षेत ग्रेप नावाची आज्ञा येणार होती. काळ्या पडद्यावर ती टाइप केली की हजारो ओळींतून हवा तो शब्द समोर येतो. ठाऊक असलेलं अक्षर लिहायचं, ठाऊक नसेल तिथे टिंब द्यायचं. शब्दकोडं तरी दुसरं काय असतं? मी इंटरनेटवरून मराठी शब्दांची मोठी यादी उतरवून घेतली आणि मामाजींनी अर्धवट टाकलेल्या कोड्यांवर सराव सुरू केला. पहिले चार दिवस काना-वेलांटीनेच छळलं. मशीनच्या हिशेबी 'ली' हे एक अक्षर नाही, दोन आहेत. तेही जमलं, आणि मी भांडी घासतानाही टिंबं मोजू लागले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मामाजी एका उभ्या शब्दाला अडले. 'पहारा', चार अक्षरं. पहिलं 'ला', शेवटचं 'ली', मधली दोन रिकामी. दुपारपर्यंत पेनाचं टोपण चावून झालं, मग त्यांनी माझ्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढली.

"पोरी, तुह्या मशिनले हे सांगता आलं, तं उद्या जाय परीक्षेले. नाई तं हे खटपट बंद."

मी आज्ञा टाकली. काहीच आलं नाही. ग्रेपला काही सापडलं नाही तर तो माफी मागत नाही की कारण सांगत नाही. चांगल्या घरच्या सुनेसारखा मुकाट पुढच्या ओळीवर जाऊन उभा राहतो.

"झालं?" मामाजी खूश झाले. "जे मले येत नाई, थे याले काय येते."

मी 'ला' काढून तिथे टिंब दिलं. शब्दांची रांगच लागली, आणि त्या रांगेत 'रखवाली' होती. म्हणजे पहिलं अक्षर 'र' हवं. 'ला' आला होता मामाजींच्या आडव्या 'तलाव'मधून. 'पाणी साठवायची जागा', तीन अक्षरं; तिथे हवं होतं 'धरण'.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मामाजींचं चुकलं, असं त्या घरात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. 'नाही येत' म्हटलं असतं तर संध्याकाळ सुखात गेली असती आणि नोकरी हातची गेली असती.  मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"मामाजी, मशीन बरोबर आहे. तुमचा तलाव चुकला."

गहू निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. "तीस वर्सं झाले, मी हेच सांगून राह्यली," त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "पण माह्याजवळ मशीन नोतं."

मामाजींनी पेपराची घडी केली आणि उठून गेले. रात्री जेवताना भाजीत मीठ कमी असूनही ते काही बोलले नाहीत, तेव्हा मी परीक्षेची आशा सोडली.

सकाळी सहाला ते धुतलेलं धोतर नेसून अंगणात उभे होते. "चाल. पहिल्या गाडीनं जाऊ."

पेपर आमच्याकडे सातला येतो, कालच्या कोड्याचं उत्तर घेऊन. तो न बघता मामाजी घराबाहेर पडलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. वाशीमच्या स्टँडवर उतरलो, तर समोरच ताजे पेपर मांडलेले. मामाजींनी मान फिरवली, माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "पाय उचल, उशीर होऊन राह्यला."

परीक्षा अकराला होती. तेव्हा पावणेआठ वाजले होते.