टाकी शेवटची कधी साफ केली

आमच्या ऑफिसातल्या बेसिनात कुणाचा ना कुणाचा केस चिकटलेला असतोच. आठ वर्षं मी तिथे हात धुतोय आणि आठ वर्षं मला तीच किळस येते. बायको म्हणते, तुम्हाला सगळ्याचीच किळस येते. काय करणार, माझा धंदाच तो आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं ॲप हातात घ्यायचं, त्यातली खोट शोधायची आणि खोट सापडली नाही की ‘ठीक’ लिहिलेल्या चौकोनात टिचकी मारायची. माझ्या टिचकीशिवाय आमचं ॲप लोकांच्या फोनवर जात नाही. ऑफिसात मला मान आहे तो एवढाच.

माझ्या शेजारच्या टेबलाशी काका बसत. काका कुणाचे म्हणाल तर कुणाचेच नाहीत, पण बावन्न वर्षांच्या माणसाला पोरासोरांच्या ऑफिसात दुसरं काय म्हणणार? पूर्वी ते एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर पडला, याची कार्डं वीस वर्षं सांभाळली. कारखाना बंद पडल्यावर हा माणूस चाळिशी उलटून गेलेली असताना पोरांच्या क्लासात जाऊन प्रोग्रामिंग शिकला. आमच्याकडे त्यांना पुन्हा वेळेचंच काम मिळालं. कॉम्प्युटर तारीख आपल्यासारखी लिहीत नाही. १९७० सालच्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, तेवढा एक दहा आकडी नंबर ठेवून देतो. त्या नंबराची माणसाला वाचता येईल अशी तारीख करायची, हे काकांचं काम. त्यांना ते नंबर तोंडपाठ झाले होते. एकदा मी गंमत म्हणून एक, सहा आणि पुढे आठ शून्यं असा आकडा लिहून दाखवला. चष्मा वर न करता म्हणाले, “तेरा सप्टेंबर दोन हजार वीस. रविवार होता.” मी ताडून पाहिलं. रविवारच होता.

आमचं ॲप इमारतींसाठी होतं. लिफ्ट कधी तपासली, टाकी कधी साफ केली, हे त्यात राहणाऱ्यांना घरबसल्या दिसायचं. टाकी साफ करणाऱ्याने काम झाल्यावर टाकीवरचं स्टिकर फोनने स्कॅन केलं की वेळेची नोंद होई. कुणी स्कॅनच केलं नसेल तर नोंदीच्या जागी शून्य. आणि शून्याची तारीख केली की येते १ जानेवारी १९७०. पहिल्याच आठवड्यात एकतीस इमारतींच्या लोकांना कळलं की आपली टाकी, आपली इमारत बांधायच्याही आधी, एक जानेवारीला साफ झाली आहे. लोक हसले, मग चिडले, मग त्यांनी कमिट्यांना धारेवर धरलं. कमिट्यांनी आमच्या साहेबांना.

साहेबांना बोलताना च्युइंगम चघळायची सवय होती, आणि संपलं की ते टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवायची. त्यांच्या टेबलाखाली चुकून हात गेला तर बोटं चिकट होऊन बाहेर येत. त्यांनी काकांना आणि मला बोलावून सांगितलं की तारखा काढून टाका, जुन्या तारखा डोळ्यांत खुपतात. सहा महिन्यांच्या आतली तारीख असेल तर दाखवा. त्याहून जुनी असेल, किंवा नसेलच, तर तिथे ‘नुकतीच’ असा शब्द टाका. काकांनी विचारलं, “नुकतीच म्हणजे कधी?” साहेब हसले. म्हणाले, “काका, लोकांना वाचता येईल असं द्यायचं ना? हे वाचता येतं.”

झाकली मूठ ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. काकांनी दोन दिवस घोळ घातला, तिसऱ्या दिवशी मान खाली घालून तो शब्द टाकला. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? मी चार मिनिटांत टिचकी मारली. अळीमिळी गुपचिळी, जो बोलेल तो मूर्ख. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो, हेही सांगून टाकतो.

त्याच वर्षी काकांच्या इमारतीने आमचं ॲप घेतलं. काकूंना कोण अभिमान. जिन्यात भेटेल त्याला फोन काढून दाखवत, हे आमच्या ह्यांनी केलंय. काकूंची किडनी बदललेली होती. रोजच्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी झगडायची ताकद इतकी कमी झालेली की डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब प्यायचा नाही. सहा वर्षं त्या रोज पातेलंभर पाणी उकळत. पातेलं उचलून मनगटं दुखून येत. मग फोनवर दिसायला लागलं, टाकी शेवटची साफ केली: नुकतीच. नवऱ्याच्या हातचं लिहिलेलं. काकूंनी पातेलं फडताळात ठेवून दिलं. काका सकाळी लवकर निघत, त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही.

अडीच महिन्यांनी काकूंना कावीळ झाली. मी हॉस्पिटलात बघायला गेलो तेव्हा त्यांच्या डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झाले होते. बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी काकांकडे पाहून विचारलं. रागाने नाही, खरंच समजत नाही म्हणून विचारावं तसं.

“मी रोज बघत होते हो. नुकतीच असं लिहिलेलं होतं. ते तुमचंच ना?”

काका चादरीच्या कडेला घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी माझ्याच स्क्रीनवर आपल्या इमारतीची नोंद काढली. शून्य. दहा आकड्यांवरून वार सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरावरचा नंबर कधी उघडून पाहिला नव्हता. ॲप घरी आलं तेव्हा, म्हणाले, मला वाटलं आपल्याकडे खरंच झाली असेल.

रविवारी त्यांनी एका टाकीवाल्याला बोलावलं आणि मलाही. तो तीस वर्षं टाक्या धुणारा माणूस. गच्चीवर पोचल्यावर त्याने झाकण उलटं केलं आणि आधी त्याची आतली बाजू पाहिली. त्यांच्यात पद्धतच आहे. काम झालं की झाकणाच्या आतून रंगाने तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं टाकी किती दिवस बंद होती आणि आत उतरण्याआधी किती वेळ हवा खेळू द्यायची. तिथे चार तारखा होत्या, एकाखाली एक. शेवटची पाच वर्षांपूर्वीची. टाकीवाला फक्त म्हणाला, “लगेच नाही उतरत. दोन तास उघडी राहू दे.”

मी आत डोकावलो. नको होतं डोकावायला. भिंतींना बोटभर हिरवट साय, तळाशी गाळ, आणि कोपऱ्यात काहीतरी पिसांचं, जे कधीकाळी कबूतर असावं. पाण्यावर बारीक तांबड्या अळ्या वळवळत होत्या. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन ओकलो. काका तिथेच उभे राहून झाकणावरच्या तारखा वाचत होते.

सोमवारी ते माझ्याआधी आले होते. ‘नुकतीच’ त्यांनी काढून टाकलं होतं. जिथे नोंद होती तिथे खरी तारीख, जिथे नव्हती तिथे ‘नोंद नाही’. म्हणाले, “टिचकी मार. साहेब यायच्या आत जाऊ दे.”

मी काचेपलीकडच्या साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. म्हणालो, “नीट तपासायला हवं, काका. उद्या बघू.”

खोट्या शब्दाला मला चार मिनिटं लागली होती. खऱ्या तारखांना एक दिवस हवा होता. आणि तो दिवसही मी कशाला मागितला ते मला ठाऊक होतं. दुपारी साहेबांना ते कळलं, कारण मीच जाऊन सांगितलं. शेण खायचं तर पोटभर खावं.

तासाभरात काकांचा पासवर्ड बंद झाला. त्यांनी खणातून चष्म्याची पेटी आणि पाण्याचा स्टीलचा पेला काढला, पिशवीत भरला. साहेब ‘समजुतीने वागला असता तर’ वगैरे काहीतरी म्हणत होते. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. माझ्या टेबलाशी थांबले.

“तू तर झाकण बघितलं होतंस रे,” म्हणाले, आणि गेले.

काकू वाचल्या. चाळीस दिवसांनी घरी आल्या, पण अजून धरून चालवावं लागतं, असं ऑफिसातली मुलं सांगतात. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? काकांच्या टेबलावर आता एक नवा मुलगा बसतो. ॲपमध्ये अजून ‘नुकतीच’ आहे. नवी आवृत्ती निघते, मी टिचकी मारतो.

गेल्या आठवड्यात घरी जाताना आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला. अक्षर मोठं, सुटं, गेटवरच्या हजेरीकार्डावर असतं तसं. मी पाहताक्षणी ओळखलं. शून्य नोंदीच्या सगळ्या इमारती त्यांना पाठ असणारच. ‘या इमारतीची टाकी साफ केल्याची नोंद नाही. झाकण उलटं करून आतली तारीख वाचावी.’ एवढंच. खाली सही नव्हती.

माझ्या इमारतीची नोंद काढायला मला दोन मिनिटं लागली असती. आमच्याकडे ॲप आल्यापासून मी ती काढली नव्हती. झाकण बघून आल्यानंतरही काढली नव्हती. मी कागद फाडायला हात वर केला, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मंडळी आत आली आणि मी हात खाली घेतला.

घरात शिरलो तर बायको ओट्याशी उभी. तिने लिफ्टमधला कागद आधीच वाचला होता आणि हातात फोन उघडा होता.

“तुमचं ॲप म्हणतंय नुकतीच. तो कागद म्हणतोय नोंदच नाही. खोट काढणारे तुम्ही. सांगा, कुणाचं खरं?”

मी चपला काढण्यात बराच वेळ घालवला. मग म्हणालो, “पाणी उकळून घेत जा.”

एरवी ती मला हसते, तुम्हाला सगळ्याचीच किळस येते म्हणून. आज हसली नाही. फोन ओट्यावर पालथा ठेवून तिने विचारलं, “आणि आजवर पोरांना पाजलं ते?”