सारसाच्या बांधीतलं पाणी

"अजी, गाडी दिसली का?" नंदाबाईनं वावराच्या धुऱ्यावरूनच, बांधावरूनच हाक मारली.

"गाडी येईल तवा येईल. तू काऊन वरमाईसारखी नाचून रायली?" केवळराम म्हणाला.

नवरा असाच थंड. घराला आग लागली तरी आधी चहा संपवेल. सालेकसा तालुक्यातलं हे गाव कधीकाळी नक्षल्यांच्या बंदुकांच्या बातम्यांत यायचं. सोयरे यायला भ्यायचे, बस फाट्यावरूनच वळायची. मग जंगल शांत झालं. तलाव ठेकेदाराच्या हातून ग्रामसभेच्या हाती आला, आणि नंदाबाई भर सभेत उठून बोलली, "मासोळ्या त विकूच, पण आपले सारस पाहायले लोक येतीन. चार घरी राहतीन, आपल्या हातचं जेवतीन."

"पक्षी पाहायले कोण येते व?" लोक हसले, आणि थट्टेथट्टेत पर्यटन समिती तिच्याच गळ्यात बांधून मोकळे झाले. चार घरांनी खोल्या रंगवल्या, संडास बांधले, नव्या चादरी आणल्या. चादरींच्या घड्या काही मोडल्या नाहीत. बायका आता पाणी भरताना तिला विचारत, "कवा येतीन व तुहे पाहुणे?"

आज नागपूरहून टीव्हीवाले येणार होते.

सारसाचं घरटं तिच्याच बांधीत होतं. भातखाचराच्या मधोमध लव्हाळ्याचा ढीग, त्यावर दोन अंडी. भाताची रोवणी करताना बायका तेवढी जागा सोडून देत. सासूच्या काळापासून तसंच चालत आलं होतं. पण वावरात पाहुणा यायचा तर त्याची वाट कोरडी करायची, हीही तिच्या हाताची सवय. शहरातल्या माणसांचे बूट चिखलात फसायला नकोत म्हणून तिनं सकाळीच धुरा फोडला आणि पाणी खालच्या बांधीत सोडून दिलं.

गाडी आली. हर्षा नावाची तरतरीत पोरगी उतरली, मागोमाग कॅमेरावाला.

"ताई, काय भारी दिसतंय!" हर्षा धुऱ्यावर उभी राहून म्हणाली. "पाणी नाही, त्यामुळे घरटं अगदी उघडं दिसतंय."

उघडं. नंदाबाईनं वळून पाहिलं. सकाळी पाण्यात बेटासारखं असलेलं घरटं आता नुसत्या चिखलावर बसलं होतं. नर मान ताठ करून ओरडत होता. आणि पलीकडून गावातलं तांबडं कुत्रं बांधीत उतरलं होतं. एरवी पाणी पाहून माघारी फिरणारं कुत्रं आज नाक खाली घालून सरळ चालत होतं.

"अगाई! हे मी काय करून बसली?"

ती पदर खोचून चिखलात घुसली. ढेकूळ फेकलं, ते कुत्र्याला लागलं. कुत्रं केकाटत परतलं, पण लांब गेलं नाही. धुऱ्यावर बसून वाट पाहू लागलं. दचकून अंड्यांवरची मादीही उडाली. अंडी उघडी पडली.

"फावडा आना जी! वरचं पाणी सोडा!"

केवळरामनं तलावाकडची मोरी उघडली. तिनं फुटका धुरा दोन्ही हातांनी लिंपला.

"ताई, थांबा ना, पाचच मिनिटं," हर्षा गयावया करू लागली. "मादी नाहीये तोवर अंडी जवळून घेते. आज रात्रीत तुमचं गाव फेमस होईल."

"तुमी इथून हटा. तलावाच्या पाळीवर चला."

"नंदे," केवळराम हलक्या आवाजात म्हणाला, "हे लोक रुसून गेले त परत येतीन का? लोकायनं खोल्या रंगवल्या तुह्या भरोशावर."

"आन पक्षी गेला त लोकायले काय दाखवू? तुमचं तोंड?"

कॅमेरावाल्याला हसू फुटलं. हर्षा हसली नाही, पण निघाली.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर सगळे दबून बसले. बांधीत पाणी चढत होतं, पण किती हळू! मादी वर घिरट्या घालत होती, उतरत नव्हती. शेवटी कुत्रं कंटाळून उठून गेलं. मादी लांब उतरली, एकेक पाय उचलत आली, चोचीनं अंडं फिरवलं आणि बसली.

"घेतलं का?" नंदाबाईनं कुजबुजत विचारलं.

"लांबून जेवढं आलं तेवढं," हर्षा म्हणाली. "चॅनेलवर चालवतात की नाही, माहीत नाही."

पण त्यांनी चालवलं, खाली नंदाबाईचा नंबरही दिला. दुसऱ्या दिवशी दुपारीच रायपूरहून फोन आला.

"मैडम, संडे को फॅमिली लेके आ रहे हैं. घोंसला पास से देखने मिलेगा ना?"

"तलाव की पाळ पर से देखना पडेगा जी. नीचे नही उतरने देंगे."

"फिर इतनी दूर आके मजा क्या?"

"दूर से भी भोत अच्छा दिखता."

"देखते हैं," म्हणून फोन ठेवला गेला.

"पहिलाच पाहुणा दारातून वापस धाडला," केवळराम म्हणाला.

पुन्हा फोन वाजला. तिनं तो नवऱ्याच्या हातात कोंबला. "घ्या, तुमी बोला. पण पाळीखाली कोनालेच नेनार नाही म्हना."

"आन तू कुठं चालली?"

"धुरा ओलाच आहे अजून. फुटला गिटला असंल त?" फावडं खांद्यावर टाकून ती अंगणातून बाहेर पडलीसुद्धा.

मागून केवळरामचा आवाज येत होता, "हां जी... खोली है, खाना भी है... नही जी, पाळ पर सेच... नही, हमारी बाई नही मानती."