लाथ आणि नमस्कार

अप्पा दुर्गदबैलाच्या बाजारात हातगाडी ओढायचे, आई घरोघरी भांडी घासायची. बारावीनंतर मला शिकवणं त्यांना जमणार नव्हतं. तायक्वांदोत राज्याचं पदक मिळालं, तरच खेळाडूंच्या राखीव जागेवर, फी माफ होऊन, कॉलेजात प्रवेश होता.

अकरावीत पहिल्याच लढतीत माझी लाथ समोरच्या मुलीच्या डोक्याला बसली. माणसाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, ही घरची सवय. माझा हात आपोआप तिच्याकडे गेला. तेवढ्यात तिनं लाथ मारली आणि मी हरले.

अप्पा म्हणाले, "पाय लावायलाच उतरलीस न्हवं बाळ? पाया काय पडायचं ते संपल्यावर पड की."

पुढच्या वर्षी मी तसंच केलं. राज्य स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, धारवाडला प्रवेश मिळाला, आणि आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली.