पित्तराचा घास

खाली ओल्या कचऱ्याचा ड्रम उघडला की आंबट कढीचा वास वर येतो आणि मला पितृपक्षातले सासऱ्यांचे पहिले पित्तर आठवते. आसगाव सोडून आम्ही भंडाऱ्याच्या या फ्लॅटात नवीनच आलो होतो. वडे, कढी, भात, खीर पळसाच्या पानावर वाढून मी गच्चीच्या कठड्यावर ठेवले. कावळा शिवेपर्यंत सासूबाई पाणीही घेणार नव्हत्या. ऊन चढत गेले. "आला का वं कावरा?" त्या सारख्या विचारत आणि मी पुन्हा जिना चढे. एकदा वर गेले तर पानच नव्हते. इमारतीच्या कचऱ्याचे काम बघणाऱ्या शेजारच्या भाभी म्हणाल्या, "कोणी तं उष्टं टाकलं होतं वरतं. मी ड्रममध्ये टाकलं, खत होईन त्याचं." मी खाली जाऊन झाकण उघडले. वडा वरच होता, पण भाजीच्या देठांत पडलेला घास उचलून पुन्हा कसा ठेवावा? तशीच उभी राहिले. तेवढ्यात भिंतीवरून कावळा उतरला, ड्रमाच्या काठावर बसला आणि वडा घेऊन उडाला. मी धावत वर सासूबाईंकडे गेले. "शिवला, बाई." "गच्चीवर?" "नाही, खाली." "मले वाटलंच. बुढ्याले जिना चढाचा कंटाराच होता," म्हणत त्यांनी पाण्याचा गडवा तोंडाला लावला. यंदा सासूबाईंचे पहिले पित्तर आहे. त्यांचे पान गच्चीवर न्यावे की खाली ड्रमापाशी, हे माझे अजून ठरत नाही.